वाचनकाळ शून्य

सर्व्हर बदलला की तळाचा गाळ वर येतो, हे कराडच्या तेजोनिधी शिक्षण मंडळात मेलची व्यवस्था सांभाळणाऱ्या केतकी शिरतोडेला पंधरा वर्षांत पाठ झालं होतं. त्यामुळे सोमवारी सकाळी तिचा फोन जो वाजायला लागला तो थांबेचना, तरी ती मुळीच दचकली नाही.

"मॅडम, माझ्या पेटीत हे काय उगवलंय? 'समक्रमण त्रुटी' म्हणे! मी कशालाही हात लावलेला नाही हां, आधीच सांगून ठेवते."

"शिरतोडे मॅडम, हे 'पुनर्प्राप्ती शेष' कोण गृहस्थ आहेत? यांचं फोल्डर माझ्याकडं कसं?"

"काही नाही सर, जुन्या सर्व्हरचा कचरा आहे. दोन-चार दिवसांत काढते. तोवर उघडू नका," ती प्रत्येकाला सांगत होती. साडेआठशे कर्मचारी आणि प्रत्येकाला वाटत होतं, की हे आपल्यालाच झालंय.

गोष्ट साधी होती. मेलपेटीत आपल्याला दिसतात ते चार-पाच खण, आलेले, पाठवलेले, कच्चे मसुदे, कचरा. पण सर्व्हर स्वतःच्या कामासाठी आणखी दहा-बारा फोल्डरं ठेवतो. पुसलेले मेल परत लागले तर म्हणून तिथं पडून राहतात, दोन यंत्रांत न जुळलेल्या नोंदी तिथं जातात, शोधाची यादी तिथं असते. या फोल्डरांवर एक बारीकशी खूण असते, 'दाखवू नको' अशी. जुना सर्व्हर एका कंपनीचा, नवा दुसरीचा. स्थलांतरात फोल्डरं आली, पण खूण आली नाही. नव्या सर्व्हरला ती खूण वाचताच येत नव्हती, म्हणून त्यानं सगळं उजेडात आणून मांडलं.

अशी फोल्डरं एका आज्ञेत पुसून टाकायची असतात. कोणी उघडून बघत नाही. केतकीनंही आजवर तीन स्थलांतरं केली, पण एकदाही बघितलं नव्हतं.

गुरुवारी तिनं सफाईला सुरुवात केली. आधी नोकरी सोडून गेलेल्यांच्या पेट्या घ्यायच्या, कारण तिथं ओरडणारं कोणी नसतं. एकशे सहा पेट्यांची यादी लावून ती चहा आणायला गेली. परत आली तर काम पहिल्या चार पेट्यांनंतरच अडलेलं. पडद्यावर ओळ होती: 'जपणूक लागू. पुसता येणार नाही. पेटी: अश्लेषा डुबल.'

केतकीच्या हातातला कप तसाच राहिला.

अश्लेषा डुबल रसायनशास्त्राची प्रयोगशाळा बघायची. कॉलेजपासूनची मैत्रीण. डबा एक, स्कूटर एक, आणि दोघींची लग्नं मोडली तेव्हा रडायला गच्चीही एकच. तीन वर्षांपूर्वी तिनं प्राचार्य वाळिंब्यांविरुद्ध लेखी तक्रार केली होती. हा माणूस प्रयोगशाळा बंद व्हायच्या वेळेला बरोबर यायचा आणि साठा तपासण्याच्या निमित्तानं तिच्या पाठीवरून हात फिरवायचा. तक्रार झाली, चौकशी समिती बसली, नियमाप्रमाणे तिची पेटी जपून ठेवायचा हुकूम निघाला. आणि नवव्या दिवशी तिनं तक्रार मागे घेतली. 'माझा गैरसमज झाला होता' असं स्वतःच्या अक्षरात लिहून दिलं. महिन्याभरात राजीनामा देऊन चिपळूणला निघून गेली. केतकीचे फोन तिनं उचलले नाहीत. पंचवीस-तीस तरी केले असतील केतकीनं. मग तीही चिडली. मी काय घोडं मारलं होतं हिचं? स्टाफरूममध्ये विषय निघाला की केतकी खांदे उडवून म्हणायची, "जाऊ दे, जरा हळवीच आहे ती."

तक्रार गेली तरी जपणुकीची खूण काढायला कोणी आलं नव्हतं. सरकारी म्हणा, संस्थेचं म्हणा, कुठलंही काम असंच. मागे घेतलेल्या तक्रारीची खूण व्यवस्थापकाला हातानं काढता यायची, पण त्यासाठी पेटी उघडावी लागणार होती. केतकीनं उघडली. फोल्डरांच्या रांगेत सगळ्यात खाली एक होतं. 'पूर्वतालीम', आणि पुढं आकडा, तीनशे बारा.

हे नाव तिनं कुठंतरी वाचलं होतं, जुन्या सर्व्हरच्या माहितीपुस्तकात, शेवटच्या पानांवर.

त्या सर्व्हरबरोबर 'सहलेखक' आला होता. तुमचे दहा वर्षांचे मेल वाचून तो तुमच्यासारखं लिहायला शिकायचा. तुम्ही 'महोदय' लिहिता की 'सर', रागावलात की वाक्यं किती तोकडी होतात, कोणाशी किती लाडात बोलता, सगळं. याला म्हणायचे तुमची छबी. छबी दोन कामांना यायची. एक, तुमच्या वतीनं उत्तराचा मसुदा लिहायला. दुसरं काम त्या शेवटच्या पानांवर होतं. तुम्हाला मेल पाठवणाऱ्यानं तो आधी तुमच्या छबीला दाखवायचा आणि ती काय उत्तर देते ते बघायचं. आवडलं नाही तर मेल बदलायचा, परत दाखवायचा. नटानं आरशासमोर उभं राहून शंभरदा संवाद म्हणावा तसं. परिपत्रकं नीट समजावीत म्हणून ही सोय आहे, असं पुस्तकात छापलं होतं.

केतकीनं पहिली नोंद उघडली. वर तारीख होती, तक्रार झाली त्याच दिवसाची.

'तालीम १. विनंती: आस्थापना विभाग. ध्येय: तक्रार मागे घेणे. पाठवणारा: प्राचार्य वाळिंबे. सूर: दिलगिरी. प्रतिसाद: संताप. यश: ३ टक्के.'

तिनं पुढची उघडली. मग पुढची.

'तालीम १९. पाठवणारा: सचिव. सूर: वडीलधारा. यश: ७ टक्के.'

'तालीम ८८. मुद्दा: आईचे डायलिसिस, संस्थेच्या रुग्णालयातील सवलत. प्रतिसाद: भीती, नंतर राग. यश: ३४ टक्के. शेरा: आई हा मुद्दा थेट वापरू नये.'

'तालीम १४०. मुद्दा: मोडलेले लग्न. शेरा: रडते. निर्णय बदलत नाही.'

शी! केतकीनं खुर्ची मागं ढकलली. रडते म्हणे. जणू वांगं शिजलं का ते टोचून बघतायत. छबी म्हणजे काही जिवंत माणूस नव्हे, नुसते आकडे, हे केतकीला कोणी शिकवायला नको होतं. पण त्या आकड्यांना अश्लेषाची भाषा होती. प्रत्येक नोंदीखाली छबीचं उत्तर होतं आणि ते हुबेहूब तिचं होतं. 'सर, कृपया आईला यात आणू नका.' अश्लेषा भांडतानाही 'कृपया' लिहायची. नऊ दिवस यांनी तिच्या भाषेला कोंडून ठेवून, कुठं दुखतं ते शोधलं होतं. इथं दाबलं तर ओरडते, तिथं दाबलं तर रडते, आणखी जरा डावीकडं दाबा.

मधलं सगळं सोडून तिनं शेवटची नोंद उघडली.

'तालीम ३१२. पाठवणारा: केतकी शिरतोडे. सूर: मैत्रीचा. मुद्दा: जुने उपचार (स्रोत: पेटीतील डॉक्टरांचा मेल). यश: ९१ टक्के.'

खाली मेल होता.

'अशू, एक सांगू? रागावू नकोस. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी तू गोळ्या घेत होतीस, तेव्हाही तुला असंच वाटायचं ना, की सगळे आपल्याच मागे लागलेत? मी काही म्हणत नाही गं. पण एकदा शांतपणे आठव, वाळिंबे सरांचा हात खरंच तसा लागला होता का? तुझीच, केतू.'

आणि त्याखाली: 'मसुदा केतकी शिरतोडे यांच्या मान्यतापेटीत ठेवला. मान्यता: शुक्रवार, दुपारी ४.५२. एकत्रित मान्य मसुदे: ४३. वाचनकाळ: शून्य सेकंद.'

अश्लेषाचं खरं उत्तर अर्ध्या तासात आलं होतं. 'ठीक आहे केतू. मागे घेते.' मसुद्यावर आलेलं उत्तर परस्पर सहलेखकाकडंच जायचं, त्यामुळे ते केतकीच्या नजरेस पडलंच नव्हतं. त्यावर केतकीच्या सहलेखकानं लिहिलं होतं, 'शहाणी माझी! काळजी घे.' त्यालाही केतकीची मान्यता होती. वाचनकाळ शून्य सेकंद.

ती धावत बेसिनपाशी गेली. सकाळचे पोहे, चहा, सगळं पडलं. चूळ भरली, परत भरली, साबणानं हात धुतले, तरी तोंडातली कडू चव जाईना. 'एक सांगू' ही तिची सवय होती. लहानपणापासूनची. 'केतू' तिला जगात एकटी अश्लेषा म्हणायची. हे दोन्ही शब्द कोणीतरी तोंडात चघळून अश्लेषाच्या पानात वाढले होते, आणि ते केतकीनंच वाढायला दिले होते.

कारण ते शुक्रवारचं खूळ तिचंच होतं. सहलेखक आला तसे मसुदे साचायला लागले. वाढदिवसाच्या शुभेच्छा, शोकसंदेश, पोचपावत्या, रजेची उत्तरं. एखाद्या विभागानं आपल्या वतीनं मसुदा सुचवायचा आणि आपण मान्य करायचा, अशीही सोय होती. लोक आळस करायचे. तेव्हा केतकीनंच मीटिंगमध्ये सुचवलं होतं, की दर शुक्रवारी पाचच्या आत ज्याची मान्यतापेटी रिकामी असेल त्याचं नाव फलकावर लावू या. टाळ्या पडल्या होत्या. मग काय विचारता! पावणेपाच वाजले की सगळं मंडळ 'सगळं मान्य' दाबून मोकळं व्हायचं. वाचत बसलं तर सातारची गाडी चुकायची. शोकसंदेश कोणाला गेला तेही दाबणाऱ्याला ठाऊक नसायचं. ओळीनं अकरा आठवडे फलकावर केतकीचं नाव होतं. त्यातल्याच एका शुक्रवारी ते त्रेचाळीस मसुदे गेले.

*

आस्थापना अधिकारी कुलदीप पिसाळ दुपारचं सीताफळ खात होते. बशीत बियांचा ढीग साचला होता.

"या मॅडम. झाली का सफाई?"

"सर, डुबलच्या पेटीत पूर्वतालीम सापडलीय. तीनशे बारा नोंदी."

पिसाळांनी तोंडातली बी जिभेनं इकडून तिकडं फिरवली आणि बशीत टाकली. त्यांना धक्काबिक्का काही बसला नाही. "हां. ते सगळ्यात आधी काढा. आणि इतर पेट्यांतलंही आजच्या आज."

"सर, तुम्ही माझ्या नावानं तिला मेल पाठवलात!"

"मी? छे छे. यंत्रानं सुचवला. आम्ही फक्त विचारलं, की बाई हट्टाला पेटलीय, प्रकरण सामोपचारानं कसं मिटेल. त्यानं सांगितलं, तुमच्याकडून गेलं तर मिटेल. तुमच्या पेटीत ठेवला. तुम्ही मान्य केलात." त्यांनी आणखी एक फोड उचलली. "मॅडम, माझी सही कुठंच नाहीये त्यात. वाळिंबे सरांचीही नाही. सही आहे ती एकट्या तुमची."

"मी वाचला नव्हता हो!"

"असं चौकशीत सांगणार तुम्ही? मेलचा सगळा कारभार ज्यांच्या हातात, त्या बाई स्वतःचे मेल वाचत नाहीत?" ते हसले. दातात सीताफळाचा पांढरा गर अडकला होता. "डोक्यात राख घालून घेऊ नका. तीन वर्षं झाली. ती तिकडं सुखी, आपण इकडं. चार वाजेपर्यंत काढून टाका आणि मला सांगा."

केतकी त्या बशीकडं बघत उभी राहिली. तिला त्या माणसाची किळस आली, इतकी की त्याच्या टेबलाला हात टेकवायचीही इच्छा होईना. पण खोलीतून बाहेर पडल्यावर तिच्या लक्षात आलं की त्याहून वाईट गोष्ट वेगळीच आहे. पिसाळ बोलत होते तेव्हा एक क्षणभर, अगदी एकच क्षणभर, तिला बरं वाटलं होतं. काढून टाकता येईल. एक आज्ञा, आणि ती शून्य सेकंदाची नोंद जगात कुठंच राहणार नाही. अश्लेषाला कधी कळणारही नाही. मी चिडलेली मैत्रीण, ती हळवी मैत्रीण, चाललंय तसं चालू राहील.

शी. तिनं स्वतःलाच म्हटलं, आणि या वेळी मोठ्यानं. जिन्यात उभा असलेला शिपाई वळून बघायला लागला.

टेबलाशी येऊन तिनं सगळ्या पेट्या तपासल्या. त्रेसष्ट माणसांच्या पेटीत पूर्वतालीम होती. कोणी बदली नाकारली होती, कोणी बाळंतपणाची रजा मागितली होती, कोणी नुसतं मीटिंगमध्ये तोंड उघडलं होतं. आपण अमुक निर्णय आपल्या मनानं घेतला, असं समजून ती माणसं रोज डबा खात होती. केतकीनं सोडून गेलेल्यांच्या धरून सगळ्याच्या सगळ्या पेट्यांना नव्यानं जपणुकीची खूण लावली. ती लावायला एकटा व्यवस्थापक पुरतो, नव्यानं लावलेली काढायला मात्र चौकशी समितीची चावी लागते. नियम संस्थेचाच होता, छापील. मग तिनं अश्लेषाचं फोल्डर पेनड्राइव्हवर उतरवलं आणि पिसाळांना मेल लिहिला, स्वतःच्या हातानं, सहलेखक बंद करून. 'फोल्डरं काढणार नाही. जपणूक लावली आहे. उद्या रजेवर आहे.' पाठवण्याआधी तिनं तो चारदा वाचला.

पावणेचारला पिसाळांचा फोन आला. तिनं उचलला नाही.

*

शुक्रवारी सकाळच्या विजेवरच्या एसटीनं ती कुंभार्ली घाट उतरून चिपळूणला पोचली. गाडीत ती सारखी वाक्यं जुळवत होती. 'अशू, एक सां...' इथपर्यंत आली की थांबायची. कसंही सुरू केलं तरी ते त्या मेलसारखंच वाटायचं. शेवटी तिनं जुळवणं सोडून दिलं.

अश्लेषा आता घरीच दहावी-बारावीचे वर्ग घेत होती. सकाळची पोरं नुकतीच गेली असावीत, फळ्यावर बेंझिनचं कडं तसंच होतं. दार उघडून तिनं केतकीकडं पाहिलं. केस बरेच पांढरे झाले होते तिचे.

"ये," ती म्हणाली. "घाट लागतो ना तुला अजून? पाणी देते."

पाणी पिऊन केतकीनं सगळं सांगितलं. स्थलांतर, फोल्डर, तालीम, पिसाळ. काही गाळलं नाही. शुक्रवारचं खूळ आपलंच होतं, हेही सांगितलं. स्टाफरूममध्ये तुला हळवी म्हणाले, हेही सांगितलं. अश्लेषा खिडकीला टेकून ऐकत होती. शेवटी केतकी म्हणाली, "तो मेल मी लिहिलाच नव्हता अशू. शपथ घेऊन सांगते."

"ते मला तेव्हाच कळलं होतं."

केतकीला वाटलं आपण चुकीचं ऐकलं. "काय?"

"अगं, गोळ्यांचा विषय तू मेलवर काढशील होय? तू मला समोर बसवून, दंडाला धरून ओरडली असतीस. पहिल्या दोन ओळींत कळलं मला. हे हिचं नाही, हिच्याकडून लिहून घेतलंय."

"मग तू मागे का घेतलीस तक्रार?"

"तुझ्यासाठी." अश्लेषानं हे इतक्या सहज सांगितलं, की केतकीला आधी अर्थच लागेना. "माझा माझ्यावर संशय आला म्हणून नाही. वाळिंब्याचा हात कसा लागला ते मला आजही ठाऊक आहे. मला वाटलं, यांनी आता केतूला गाठलं. समोर कागद ठेवला असेल, नोकरीचा धाक घातला असेल. तू तो मेल वाचला असशील, रडली असशील, आणि घाबरून बटण दाबलं असशील. मी लढत राहिले तर उद्या तुझ्याकडून आणखी काय काय लिहून घेतील? म्हणून सोडून दिलं सगळं. फोनही म्हणूनच घेतले नाहीत. फोनवर तू कबूल करून रडली असतीस, आणि मला ते ऐकवलं नसतं."

यंत्राला एक्याण्णव टक्के यश मिळालं होतं आणि का मिळालं याचा त्याला पत्ताही नव्हता. त्यानं मोजला होता अश्लेषाचा कमकुवतपणा. पण त्या दिवशी कामाला आली ती तिची माया.

"तीन वर्षं," अश्लेषा म्हणाली, "तीन वर्षं मी रोज तुझी ती भीती समजून घेत आलेय. म्हटलं, एकटी बाई, पदरात म्हातारे आईबाप, भ्यायली बिचारी. भ्यालेल्या माणसावर काय रागवायचं? तुला माफ करून करून मी दमले गं. आणि तू आज येऊन सांगतेस, की तू घाबरलीच नव्हतीस. तू वाचलाच नव्हतास."

माफी मागायला तोंड उघडलं तर आपलाच आवाज आपल्याला ओंगळ वाटेल, याची तिला खात्री होती. तिनं पेनड्राइव्ह पुढं केला.

"यात सगळं आहे. तू समितीकडं दे, कोर्टात दे, पोलिसांत दे. माझं नाव असलेलंही दे. मी येईन साक्षीला."

अश्लेषानं तो घेतला आणि तळहातावर धरून बघत राहिली. "तू वाचलंयस हे सगळं?"

"पहिले... थोडे. आणि शेवटचा." केतकीनं मान खाली घातली. "मधले नाही जमले. मळमळायला लागलं."

"किती आहेत?"

"तीनशे बारा."

अश्लेषानं टेबलावरच्या वह्या बाजूला सारल्या, लॅपटॉप उघडला, पेनड्राइव्ह लावला आणि खुर्ची ओढून केतकीकडं सरकवली. स्वतः बाजूच्या बाकावर, पोरं बसतात तिथं, पडदा दिसेल अशी बसली. मग फोन उचलून दुपारचा वर्ग आज नाही असं कोणाला तरी कळवलं.

"वाच," ती म्हणाली. "मोठ्यानं. एकही सोडायचा नाही."

"अशू, यात तुझ्या आईबद्दल आहे... ऐकवणार नाही तुला."

"वाच म्हणाले ना."

केतकीनं पडद्याकडं पाहिलं. घसा खाकरला. "तालीम एक," ती म्हणाली. "विनंती, आस्थापना विभाग. ध्येय..."

"वरची तारीख राहिली," अश्लेषा म्हणाली. "पहिल्यापासून वाच."